पेल्यावरचं नाव

ज्योती, तो पेला ठेव खाली. हळू. त्यातलं पाणी सांडू नकोस.

बाकीची भांडी ने खुशाल. तांब्या ने, डबा ने, तुझ्या आजीचं ते भलंमोठं ताट ने. उद्या घट बसले की अधारतालच्या दुकानात जा, 'प्रतिमाच्या शुभविवाहाप्रीत्यर्थ' असं घालून घे, तारीख घालून घे. मैत्रिणीला भांडं द्यायचं तर नाव घालूनच द्यावं, मी कुठं नाही म्हणून राहिलो? पण तो पेला नाही. कोरा आहे म्हणतेस ना, म्हणूनच नाही.

काहून म्हणजे? सांगतो, बसा. लाइट काय इतक्यात येत नाही. मेणबत्ती तिकडे कोनाड्यात सरकव, डोळ्यांवर येऊन राहिली. आणि तू रे, भिंतीला टेकून बसलेला, मध्येच 'अण्णा, भूत दिसायला कसं होतं' असं विचारायचं नाही. भूत कुणाला दिसलंच नाही. दिसलं असतं तर एक बरं झालं असतं, निदान तोंड तरी कळलं असतं.

आज तिथी कोणती? ... अच्छा, माहीत नाही. तुम्हाला मराठी समजते हेच उपकार म्हणायचे. आज सर्वपित्री अमावस्या. ही गोष्टही सर्वपित्रीचीच, सन चव्वेचाळीसची, रविवारची. मी तेव्हा पोरगा होतो, नागपूरला. जबलपुरात दारूगोळ्याच्या फॅक्टरीत लागलो तो पुढं बारा-एक वर्षांनी, नीलकंठरावांच्या हाताखाली. गोष्ट त्यांची आहे. थोडी त्यांनी सांगितली, थोडी त्यांच्या बायकोनं, विनताकाकूंनी. आणि शेवटचं तर मी ह्या डोळ्यांनी पाहिलं.

नीलकंठराव म्हणजे फिटर मिस्त्री. हाताला असा गुण होता की साहेब लोक त्यांच्या बाकापाशी येऊन उभे राहायचे. माणूस सज्जन, नाटकवेडा, गणपतीत पेटी वाजवणारा. एकच खोड होती. मिरवायची.

युद्धाचे दिवस. फॅक्टरी रात्रंदिवस चालू, तोफांच्या गोळ्यांच्या पितळी पुंगळ्या हजारांनी बनत होत्या आणि पितळ पुरत नव्हतं. मग कुठून कुठून भंगार यायचं. मंदिरांच्या फुटक्या घंटा, रेल्वेचे दिवे, काय वाट्टेल ते. असंच एकदा वॅगन भरून आलं एका जर्मन लढाऊ जहाजाचं सामान. ते जहाज तिकडे समुद्रात फुटलं होतं म्हणे. कुठं फुटलं, कसं फुटलं, कोणी सांगायचं नाही, विचारायचंही नाही. नळ होते, घड्याळाच्या तबकड्या होत्या, कड्या, बिजागऱ्या, नांगराचं चित्र असलेली बटणं. सगळं भट्टीत जायचं होतं.

आता जबलपूरच्या माणसानं समुद्र कधी पाहिलाय? आपला समुद्र म्हणजे नर्मदा. त्यात जर्मन, त्यात लढाऊ जहाज! पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना त्याचं वेड लागलं. मोठ्या वस्तू साहेबांच्या बंगल्यावर गेल्या. बारीकसारीक कामगारांनी उचललं. आणि नीलकंठरावांनी तर जमवायचा सपाटाच लावला. आज एक बटण, उद्या एक चमचा, परवा एक तबकडी. घरी पुढच्या खोलीत फळी ठोकली, तिच्यावर लाल कापड घातलं आणि वर ही मांडामांड. पाव्हणा आला की आधी फळीपाशी उभा करायचा. "हे जर्मन जहाजाचं बरं का! ही तबकडी बघा, तोफेच्या शेजारची." कुठल्या तोफेच्या शेजारची, तर कोणास ठाऊक. पण सांगायचे असे की जणू स्वतःच जाऊन जहाज बुडवून आले. काकू आतून चहा आणायच्या आणि कपाळाला आठ्या घालून परत जायच्या.

एक दिवस ढिगात हा पेला हाताला लागला.

हाच. ज्योती, कान धरून उचलू नकोस त्याला, तो कान नीट बघ. कारखान्यातला माल नाही हा. गोळ्याची पुंगळी कापून, ठोकून, कोणीतरी हातानं बनवलाय. कानाला बारीक रिव्हेटा आहेत, दिसतात? जहाजावर बसल्या बसल्या, फावल्या वेळात, स्वतःला पाणी प्यायला केला असणार. नीलकंठराव कारागीर माणूस, त्यांना बघताक्षणी कळलं. बोट फिरवून म्हणाले, "वा रे गड्या!"

आणि पेल्याच्या पोटावर नाव होतं. आपला कासार कसं टिंबं टिंबं मारून नाव घालतो, अगदी तसंच, टोच्यानं ठोकलेलं. आपल्या लोकांसारखीच त्याचीही रीत. आपलं भांडं आपल्या नावानं ओळखावं.

आता हा पेला बाहेर काढायचा कसा? बटण खिशात जातं, पेला कसा जाईल? गेटवर झडती असायची. नीलकंठरावांनी युक्ती केली. स्वतःचा पाणी प्यायचा पेला म्हणून काढायचा. पण परक्या अक्षरांतलं नाव बघितलं की शिपाई धरणार. म्हणून जेवणाच्या सुट्टीत बाकावर बसून कानस घेतली आणि नाव घासून टाकलं. पितळेचा कीस खाली पडला तो झाडून नेहमीसारखा डब्यात टाकला, डबा गेला भट्टीत. संध्याकाळी गेटवर उभं राहून त्याच पेल्यानं नळाचं पाणी प्यायले.

शिपाई म्हणाला, "ये किसका है, मिस्त्रीजी?"

म्हणाले, "किसका होगा भैया? मेरा है."

एवढंच. ह्याला तुम्ही चोरी म्हणाल. फॅक्टरीत तेव्हा कोणी म्हणत नव्हतं.

घरी मुलगा होता. गुणवंत. पाच-सहा वर्षांचा, एकुलता एक, त्याच्याआधीची दोन गेलेली. आपल्याकडे लेकराच्या नावाचा पेला-वाटी असते, तुझीही आहे ना ज्योती, चांदीची? युद्धात चांदी कुठून आणायची? तर नीलकंठरावांनी हाच पेला चिंचेनं लखलखीत घासला, आणि जिथं ते नाव होतं, नेमकं तिथंच, घासलेली जागा झाकली जावी म्हणून, टिंबं मारून घातलं, 'चि. गुणवंत'. पोरगं हरखून गेलं. गणपतीत सगळ्या बिऱ्हाडांतून दाखवून आलं. पाणी प्यायचं तर त्याच पेल्यानं.

पितृपक्ष लागला तशी पहिली तक्रार आली. "आई, पाणी खारट लागतं."

काकू म्हणाल्या, काही तरी नखरे. पण चाखलं तर खरंच खारट. माठ धुतला, विहिरीचं ताजं पाणी भरलं. फुलपात्रातून प्यायलं तर गोड. तेच पाणी पेल्यात ओतलं आणि घटकाभरानं चाखलं, तर खारट. त्यांनी पेला राखेनं घासला, चुन्यानं घासला, उन्हात ठेवला. पुन्हा तेच.

मग दुसरं सुरू झालं. पोरगा हाकेला ओ देईना.

अंगणात खेळतोय. "गुणवंता, चल जेवायला." पाठ फिरवून खेळतोयच. "गुणवंता!" ... नाही. जवळ जाऊन टाळी वाजवली तर दचकून बघायचा. म्हणजे ऐकू येत होतं. डॉक्टरनं कान बघितले, म्हणाला उत्तम आहेत. शाळेत मास्तर हजेरी घ्यायचे तेव्हा हा तोंडाकडे बघत बसायचा. बाजूचा पोरगा ढोसायचा, अरे तुझं नाव घेतलं! तर हा म्हणायचा, "माझं?"

सर्वपित्रीच्या आधीच्या शुक्रवारी नीलकंठरावांना दुहेरी पाळी होती. घरात काकू आणि पोरगा. खिडक्यांना काळे कागद लावलेले, युद्धामुळं. दिवेलागण झाली. काकूंनी देवापाशी दिवा लावला, पोराला मांडीवर घेतलं, शुभंकरोति म्हणून राहिल्या होत्या.

कडी वाजली.

"कोण?"

काही नाही.

पुन्हा वाजली. "कोण आहे?"

मग आवाज आला. पुरुषाचा. दमलेला. नव्यानं वाचायला शिकलेला माणूस पाटीवरचं अक्षर अक्षर लावून वाचतो ना, तसा...

"गु... ण... वं... त."

 मांडीवर पोरगा. दाराबाहेर पोराचं नाव. कोणी हाक मारून राहिलं असं वाटलं आधी. मग लक्षात आलं, ही हाक नाही. आपण विचारलं, कोण आहे? त्याचं हे उत्तर आहे.

आणि पोरगा मांडीवरून शांतपणे उठला. म्हणाला,

"आई, गुणवंत आलाय. दार उघड ना."

काकूंनी दार उघडलं नाही. पोराला छातीशी घेऊन देवासमोर बसून राहिल्या. नवरा घरी आल्यावर बोलल्या, तर ते हसले. म्हणाले, फॅक्टरीतला कोणी टवाळ असेल, उद्या आला की तंगडं मोडतो.

शनिवारी ते घरी थांबले. हातात सोटा घेऊन दाराला लागून उभे.

दिवेलागणीला कडी वाजली.

"कोण बे?"

"गु... ण... वंत." आज थोडं सफाईनं. सराव झाल्यासारखं.

खाडकन दार उघडलं. व्हरांडा रिकामा. रस्ता रिकामा, एक कुत्रंसुद्धा नाही. फक्त वास. मशीनच्या तेलाचा, आणि सुकवलेल्या मासळीचा असतो तसा खारा. नीलकंठराव तसेच उभे राहिले. 

मागून पोरगा आला. बापाचा सदरा ओढला.

"बाबा, माझं नाव काय?"

"अरे, असं काय करतोस? गुणवंत!"

"ते त्याचं आहे," पोरगा म्हणाला. "माझं काय?"

...

दार लावलं.  मग काकू फळीपाशी गेल्या. तो पेला त्यांनी पोरापासून काढून तिथंच ठेवला होता. तो घेऊन नवऱ्यासमोर ठेवला.

"ह्याच्यावर आधी काही होतं का?"

"... नाव होतं."

"कुणाचं?"

त्यांनी पेला हातात घेऊन फिरवला.

"अहो, मी विचारून राहिले, कुणाचं नाव होतं?"

"त्याचं असेल... ज्याचा पेला होता त्याचं."

"काय नाव?"

नीलकंठरावांनी डोकं धरलं. इंग्रजी अक्षरं त्यांना येत होती, मोजमापं वाचत होते रोज. पण आठवेना. पहिलं अक्षर एच होतं की के, तेसुद्धा आठवेना. हे मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. म्हणाले, "अण्णा, मी ते वाचलंच नव्हतं रे. जेवणाची सगळी सुट्टी माझ्या डोळ्यांसमोर होतं. कानस कुठं लागते ते बघत होतो. माणसाचं नाव होतं आणि मला वाटलं, घाण आहे, निघाली पाहिजे."

काकू म्हणाल्या, "साऱ्या जबलपूरला दाखवत बसता, जर्मन जहाजाचं, जर्मन जहाजाचं! त्या जहाजावर माणसं होती ना हो? त्यातल्या एकाचं नाव तुमच्या हातात आलं होतं. ते वाचावंसंही वाटलं नाही तुम्हाला?"

  नीलकंठराव उठले आणि कानस शोधायला लागले. म्हणाले, पोराचं नाव आत्ताच्या आत्ता काढून टाकतो.

काकूंनी हात धरला. "पुन्हा पुसणार? त्याचं पुसलं ते कुठं गेलं, सांगता येतं? मग माझ्या पोराचं पुसलं तर ते कुठं जाईल?"

कानस खाली ठेवली. ते बरोबरच बोलल्या होत्या. त्या माणसाचं नाव कीस होऊन भट्टीत गेलं होतं. त्याची एव्हाना गोळ्याची पुंगळीही झाली असेल, आणि त्याच्याच माणसांवर...

जाऊ दे.

रविवारी सर्वपित्री. सकाळीच तिघं ग्वारीघाटावर गेले. पोराला घरी ठेवायची काकूंची छाती होईना. घाटावर ही गर्दी, आपली सगळी मराठी बिऱ्हाडं, कोणी बापाला पाणी देतंय, कोणी आज्याला. ज्यांना फळीपाशी उभं करून गप्पा मारल्या, ती सगळी तिथं. नर्मदेला भरपूर पाणी, खालच्या पायऱ्या बुडालेल्या. नीलकंठराव गुडघाभर पाण्यात उभे राहिले. रामकृष्णभट पायरीवर बसून सांगत होते. वडील झाले, आजोबा झाले. मग नीलकंठराव म्हणाले, "अजून एकाला द्यायचं आहे."

"नाव?"

"... माहीत नाही."

"गोत्र?"

"नाही."

भटजी म्हणाले, "गोत्र माहीत नसलं तर कश्यप म्हणू. नाव हरवलं असेल तर अज्ञात म्हणून देता येतं. त्यात काय एवढं?"

"हरवलं नाही, गुरुजी." मान खाली. "मी पुसलं."

शेजारी तर्पण करणारे थांबले. वळून बघायला लागले.  भटजींनी हळूच म्हटलं, द्या, अज्ञात म्हणून द्या. नीलकंठरावांनी ओंजळीत तीळ-पाणी घेतलं. सोडलं.

आणि एक नावाडी ओरडला. "अरे भैया! बच्चा! बच्चा पानी में जा रहा है!"

पोरगा काकूंच्या शेजारून कधी उठला, त्यांना कळलं नव्हतं. पायऱ्या उतरत होता. घाई नाही. कोणी बोट धरून नेतंय तसा. पाणी घोट्याला. गुडघ्याला.

"गुणवंता!" काकू किंचाळल्या. "गुणवंता रे!"

वळला नाही.

कमरेला.

नीलकंठराव झेपावले. मनगट हातात आलं. ओढलं. पोर येईना. एवढंसं पोर... जड लागलं. दुसरा हात त्याचा पाण्याखाली होता. ते मला म्हणाले, "अण्णा, तिकडून कोणीतरी धरला होता. जोरानं नाही. नुसता धरला होता."

मग त्या माणसानं भर घाटावर, सगळ्या समाजासमोर, ओरडून सांगितलं. "मी चोर आहे! तुझं नाव मी पुसलं! पोराचं सोड! माझं घे. नीलकंठ घे. मी दिलं... नीलकंठ... मी देऊन राहिलो, घे!"



"गुणवंता..." काकूंना आता ओरडवतसुद्धा नव्हतं.

पोरगं वळलं. "काय आई?" आणि भोकाड पसरलं.

त्या दुपारी नीलकंठरावांनी घरी येऊन पेला मांडीवर घेतला. पुसलं काही नाही. पोराच्या नावावरच टिंबं मारली, गच्च, एकात एक, आणि वर उरलं फक्त 'नीलकंठ'. दिवस मावळायच्या आत पुन्हा घाटावर गेले, नावेतून मधल्या धारेला नेऊन पेला सोडला.

त्या रात्री पुन्हा कडी वाजली.

तिघंही घरात. दिवा लहान केलेला. कोण, असं विचारायची कुणाची हिंमत होईना. शेवटी काकूंनीच विचारलं.

"... कोण?"

"नी... ल... कं... ठ."

बघा हं. त्या काळची बाई. लग्नातला उखाणा सोडला तर नवऱ्याचं नाव तिनं कधी तोंडानं घेतलेलं नाही. आणि नवरा शेजारी पाटावर बसलाय. आणि दाराबाहेर त्याचं नाव...

मग पावलं गेली. ओल्या पायांची. पुन्हा कधी आली नाहीत.

पोरगा ठणठणीत झाला. पण नीलकंठराव पुढं कधी स्वतःच्या नावाला वळले नाहीत. मी सोळा वर्षं बघितलं. हजेरीला साहेब 'नीलकंठ' म्हणायचा, हे समोरच्या भिंतीकडे बघत उभे. मी कोपरानं ढोसायचो. नवी पोरं हसायची, मिस्त्री बहिरा आहे म्हणून. ते हसू खाली मान घालून ऐकून घ्यायचे. ती फळी तर त्यांनी केव्हाच काढली होती. एकेक बटण, एकेक तबकडी डब्यात घालून परत फॅक्टरीत नेली आणि भंगाराच्या ढिगात गुपचूप टाकली. म्हणायचे, "आणताना भीती वाटली नव्हती रे, परत नेताना चार वेळा मागं वळून बघायचो." मी एकदा म्हटलं, अहो किती दिवस मनाला लावून घ्याल, चुका कुणाच्या होत नाहीत? तर म्हणाले, "त्याची आई असेल ना कुठं तरी. तिनं ठेवलं असेल ते नाव."

 त्यांच्या जागी मी असतो तर मीही घासलंच असतं. हे मला त्या दिवसापासून ठाऊक आहे, आणि ठाऊक असणं काही चांगलं नाही.

बहात्तर साली हिवाळ्यात नीलकंठराव गेले. दहाव्याला आम्ही ग्वारीघाटावर. गुणवंत तेव्हा चांगला बापई माणूस, रेल्वेत नोकरीला. पिंड ठेवला, नाव घेतलं. कावळा येईना. म्हणजे कावळे होते, झाड भरून होते. पिंडाच्या भोवती येऊन बसायचे, मान वाकडी करून बघायचे. शिवायचे नाहीत. गुणवंतानं हात जोडून सगळी वचनं दिली. आईला सांभाळीन. घर बांधीन. तुमची पेटी विकणार नाही. ऊन डोक्यावर आलं. काही नाही.

शेवटी कोणीतरी काकूंना आणायला गेलं. बायका येत नसत घाटावर दहाव्याला, पण त्या आल्या. पिंडाकडे बघितलंही नाही. थेट खालच्या पायरीवर गेल्या, पाण्याला तोंड करून उभ्या राहिल्या. मी चार हातांवर होतो. पदर सावरला आणि बोलल्या.

"त्यांचं नाव नीलकंठ. तुम्हाला दिलं होतं. आता त्यांना त्याची गरज लागून राहिली हो... जमलं तर द्या."

आणि एवढ्या मोठ्या बाईनं पाण्याला हात जोडले.

मागं पंख फडफडले. कावळा शिवला.

आम्ही सगळे तिकडे बघत होतो. वळलो तेव्हा शेवटच्या पायरीवर हा पेला होता. उभा ठेवलेला. काठोकाठ भरलेला. अठ्ठावीस वर्षं नर्मदेत, आणि शेवाळाचा एक डाग नाही. गुणवंतानं उचलला. नीलकंठ नाही... गुणवंत नाही... पोटावर ती जागा गुळगुळीत, लख्ख, जणू आत्ताच कोणी कानस फिरवली.

काकूंनी बोट फिरवलं त्याच्यावरून. म्हणाल्या, "त्यानं दोघांचीही नावं परत केली." मग तोंडावर पदर घेतला. "त्याच्याकडे काय राहिलं आता?"

गुणवंताला तो घरात ठेवायची छाती होईना, आणि फेकायचीही. म्हणाला, अण्णा, तुम्ही न्या. मी आणला. दर सर्वपित्रीला माठातलं पाणी भरून ठेवतो. दिवेलागणीनंतर कधीतरी दाराची कडी वाजते. तुमची आजी होती तोवर ती विचारायची, आता मी विचारतो. कोण?

उत्तर येत नाही. थोडा वेळ कोणीतरी उभं असतं... मग जातं. कोणी विचारलं तर सांगणार काय बिचारा.

हो, आजही वाजली. तुम्ही सगळी गच्चीवर होतात तेव्हा. लाइट गेली त्याच्या जरा आधी.

ज्योती, पेल्यातलं पाणी तूच भरलंस ना दुपारी? मीच सांगितलं होतं. माठातलंच ना? ... हं. बोट बुडव त्याच्यात. अगं बुडव, काही होत नाही. जिभेला लाव.

...

ज्योती?

सांग ह्यांना.

... बरं, नको सांगू. आण तो पेला माझ्याकडे. आणि जा, चूळ भरून ये. माठातल्या पाण्यानं.